ज्ञानकोशाचें राज्य आणि प्रांतांचा वाटा

मतें माणसांचीं मोजावीं कीं प्रदेशांचीं, हा लोकशाहीच्या इतिहासांतील एक जुना वाद आहे. 1787 सालीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकेची राज्यघटना रचतांना तो विकोपास गेला, आणि अखेर एका सभागृहांत लोकसंख्येस व दुसऱ्यांत घटक राज्यांस समान मान देऊन मिटविण्यांत आला. तोच वाद अलीकडे अशा एका राज्यांत उपस्थित झाला आहे, कीं ज्यास भूमि नाहीं, सेना नाहीं, आणि ज्याचे प्रजाजन वेतनावांचून राबतात. तें राज्य म्हणजे विकिपीडिया.

15 जानेवारी 2001 रोजीं इंग्रजींत आरंभिलेला हा मुक्त ज्ञानकोश 1 मे 2003 पासून मराठींतही लिहिला जाऊं लागला. त्याच वर्षीं जून महिन्यांत अमेरिकेंत विकिमीडिया प्रतिष्ठान स्थापन झालें. 2004 सालीं त्याच्या पांच विश्वस्तांपैकीं दोन स्वयंसेवकांच्या मतांनीं निवडले गेले. त्यांत एक इंग्लंडची व एक फ्रान्सची स्त्री होती. 2008 सालीं राष्ट्रीय शाखांसही दोन जागा मिळाल्या. परंतु बहुतेक शाखा युरोपांतच असल्यामुळें पारडें तिकडेच झुकलेलें राहिलें. 2010 सालीं मुंबईच्या चित्रपटकर्त्या बिशाखा दत्ता ह्या पहिल्या भारतीय विश्वस्त झाल्या खऱ्या. पण त्या नेमणुकीनें आल्या, निवडणुकीनें नव्हे. भारताची शाखा 2011 सालीं उभी राहिली, आणि 2019 सालीं तिची मान्यता गेली. 2021 सालीं पसंतिक्रमानें मतें घेऊन चार जागा भरल्या. चौघेही युरोप व उत्तर अमेरिका ह्यांकडचे होते.

ह्यांत कोणाची दुष्ट बुद्धि होती असें आम्हांस वाटत नाहीं. जे आधीं आले ते संख्येनें वाढले, आणि संख्या मतपेटींत उतरली, इतकेंच. लेखांत काय असावें हें विश्वस्त मंडळ ठरवीत नाहीं. परंतु पैसा कोठें खर्चावा, कोणत्या लिपीच्या सोयी आधीं कराव्या, हें त्याच्या धोरणावर अवलंबून असतें. म्हणून हा प्रश्न केवळ मानाचा नव्हे.

उपाय म्हणून 2020 सालच्या शिफारशींत एक जागतिक परिषद सुचविण्यांत आली, आणि तिच्यासाठीं सनद लिहिली गेली. 2024 सालीं तिच्यावर मतदान झालें. स्वयंसेवकांनीं व संलग्न संस्थांनीं बहुमतानें ती मान्य केली. विश्वस्त मंडळानें मात्र नाकारली. अधिकार ज्याच्या हातीं, त्याच्याच संमतीवांचून तो वांटतां येत नाहीं, हा इतिहासाचा जुनाच धडा येथें पुन्हां गिरविला गेला.

प्रदेशाच्या नांवानें आलेला मनुष्य त्या प्रदेशाचें मन जाणतोच असें नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि कृपेनें मिळालेली खुर्ची कृपा सरतांच जाते. हक्काची खुर्ची राहते, आणि तिच्यावर बसणारास मतदारांस जाबही द्यावा लागतो. ह्या राज्यांत मताचा अधिकार जन्मानें किंवा धनानें मिळत नाहीं, लेखनानें मिळतो. आपल्या प्रांताचा वाटा मागणाऱ्या मराठी वाचकानें प्रथम लेखणी उचलावी. कारण सनद आज ना उद्यां पुन्हां लिहिली जाईल, पण त्या वेळीं मतदारच नसले तर ती कोणाच्या उपयोगीं पडणार?