साक्ष आणि साहाय्य : साक्षीदाराच्या पाठीराख्याविषयीं कांहीं विचार

न्यायसभेंत खरें सांगण्याचें ओझें ज्याच्यावर पडतें, त्याच्या पाठीशीं उभें राहण्याचें काम कोणाचें, हा प्रश्न आज नव्यानें पुढें आला आहे. गुन्ह्यानें पीडलेल्या मनुष्याच्या वतीनें न्यायालयांत बोलणारा वकील, आणि पीडिताला व साक्षीदाराला धीर देऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढविणारा साहाय्यक, या दोघांना आमच्या कायद्यांत गेल्या तीस वर्षांत हळूहळू जागा मिळूं लागली आहे. ही वस्तु सर्वस्वीं परकीय आहे असें कांहीं म्हणतात. हें सारें आमच्या स्मृतींत होतेंच, असें दुसरे म्हणतात. मूळ ग्रंथ पाहतां या दोन्ही पक्षांस पुरेसा आधार सांपडत नाहीं. म्हणून धर्मशास्त्र, मराठी कागद आणि अर्वाचीन कायदे या क्रमानें विषयाचा थोडा ऊहापोह करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम प्रतिनिधीचा विचार करूं. नारदस्मृतीचा दंडक असा कीं, जो वादीचा भाऊ, बाप किंवा मुलगा नाहीं आणि ज्याची रीतसर नेमणूकहि झालेली नाहीं, असा मनुष्य दुसऱ्याच्या वतीनें बोलूं लागल्यास तो दंडास पात्र होय. म्हणजे नेमलेला 'नियोगी' चालतो, आगंतुक चालत नाहीं. कात्यायनाच्या वचनांत आणखी एक मर्यादा आहे : ब्रह्महत्या, सुरापान, चोरी, परदारागमन अशा मोठ्या आरोपांत प्रतिनिधि देतां येत नाहीं, ज्यानें कृत्य केलें त्यानें स्वतःच उत्तर करावें. ही मर्यादा आरोपीपुरती आहे, पीडितास ती लागू नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. उलट बृहस्पतीच्या नांवावर येणाऱ्या एका वचनांत अप्रगल्भ, मंदबुद्धि, वेडा, वृद्ध, स्त्री, बालक आणि रोगी यांच्या वतीनें त्यांच्या आप्तानें अथवा नेमलेल्या दुसऱ्या मनुष्यानें पूर्वपक्ष वा उत्तर मांडावें, अशी मोकळीक दिली आहे. या यादींत पहिलें स्थान 'अप्रगल्भा'चें आहे, म्हणजे ज्याला चार लोकांसमोर तोंड उघडवत नाहीं त्याचें आहे, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

तथापि यावरून प्राचीन काळीं आजच्यासारखा वकीलवर्ग होता असें अनुमान काढूं नये. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या तिसऱ्या खंडांत व्यवहाराचा सांगोपांग विचार केला आहे. वकिलीवर निर्वाह करणारा असा स्वतंत्र वर्ग स्मृतींवरून सिद्ध होत नाहीं, मात्र जाणत्या मनुष्याची प्रतिनिधि म्हणून नेमणूक होत असावी, असाच त्यांच्या विवेचनाचा कल आहे. मग ज्याला आप्तहि नाहीं आणि कोणास नेमण्याचें सामर्थ्यहि नाहीं, त्यानें काय करावें? याचें उत्तर कौटिल्यानें दिलें आहे. देव, ब्राह्मण, तपस्वी, स्त्रिया, बालक, वृद्ध, रोगी आणि अनाथ हे दाद मागावयास आले नाहींत, तरी त्यांचीं कामें धर्मस्थांनीं म्हणजे न्यायाधीशांनींच आपण होऊन चालवावीं, आणि स्थळ, काळ किंवा भोगवटा यांची सबब सांगून तीं टाळूं नयेत, असें त्याचें सांगणें आहे. दुर्बळाचा कैवारी येथें तिसरा कोणी नसून खुद्द न्यायाधीशच आहे.

आतां साक्षीदाराकडे वळूं. शास्त्रकारांनीं त्याच्यावर कर्तव्याचा भार मोठा घातला आहे. ऋणाच्या वादांत माहिती असूनहि जो साक्ष देत नाहीं, त्याच्याकडून सेहेचाळिसाव्या दिवशीं सगळें ऋण दशांशासह वसूल करावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. साक्ष देण्यास उभा राहिला तरी त्याची सुटका नाहीं. जो एका जागीं स्थिर राहत नाहीं, ओठांचे कोपरे चाटतो, ज्याच्या कपाळास घाम येतो, तोंडाचा रंग उडतो आणि बोलतां बोलतां जो अडखळतो, तो अभियोगांत असो वा साक्षींत असो, दुष्ट समजावा, असेंहि याज्ञवल्क्यवचन आहे. वरवर पाहतां हें वचन व्यवहारचतुर वाटतें. परंतु ज्यानें वर्गांत कांहीं वर्षें काढलीं आहेत तो शिक्षक सांगेल, कीं निरपराध मुलगा हेडमास्तरांपुढें उभा राहिला म्हणजे त्यालाहि घाम फुटतो आणि त्याचीहि जीभ अडखळते. भीतीचीं लक्षणें आणि लबाडीचीं लक्षणें यांचें रूप पुष्कळदां एकच असतें.

ही अडचण विज्ञानेश्वराच्या ध्यानांत आली होती. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत, अकराव्या शतकाच्या अखेरीस अथवा बाराव्याच्या आरंभीं, त्यानें आपली मिताक्षरा लिहिली. या ठिकाणीं तो स्पष्ट बजावतो, कीं हीं चिन्हें दोषाची केवळ संभावना दाखवितात, दोषाचा निश्चय करीत नाहींत. कारण स्वाभाविक विकार कोणता आणि निमित्तानें आलेला कोणता, हें ओळखणें कठीण असतें. खऱ्या पण घाबरलेल्या साक्षीदाराच्या बाजूनें एवढें स्वच्छ विधान जुन्या ग्रंथांत सांपडावें, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु आमच्या विषयाचें मर्म याहूनहि अधिक स्पष्टपणें अर्थशास्त्राच्या कंटकशोधन अधिकरणांत आढळतें. तेथें कौटिल्यानें न्यायाधीशाच्याच अपराधांची यादी दिली आहे. वादीप्रतिवादींस धमकावणारा, दरडावणारा, हांकून देणारा किंवा त्यांचें तोंड बंद करणारा धर्मस्थ पूर्वसाहस दंडास पात्र आहे. विचारावयाचें तें न विचारणारा आणि विचारूं नये तें विचारणारा, शिकविणारा, आठवण करून देणारा, याला मध्यम दंड आहे. आणि उत्तम म्हणजे सर्वांत मोठा दंड ज्यांना सांगितला आहे त्यांत हे दोन अपराधहि येतात : एक, कालहरण करून थकलेल्या मनुष्यास घालवून देणें; आणि दुसरा, साक्षीदारांना 'मतिसाहाय्य' देणें, म्हणजे काय सांगावें हें सुचविणें.

हे दोन अपराध एकाच पंक्तींत बसविण्यांत मोठें मर्म आहे. साक्षीदाराला थकवून पळविल्यानें सत्य जितकें बुडतें, तितकेंच त्याच्या तोंडीं शब्द घातल्यानेंहि बुडतें. तेव्हां साक्षीदारास साहाय्य करावें कीं करूं नये, असा प्रश्नच मुळांत चुकीचा आहे. साहाय्य दोन प्रकारचें असतें : एक भयाचें आणि श्रमाचें निवारण करणारें, दुसरें बुद्धींत हात घालणारें. पहिलें देणें कर्तव्य आहे, दुसरें देणें महापराध आहे. आजच्या पाठीराख्याचा सगळा धर्म या एका भेदावर उभा आहे, असें आमचें मत आहे.

मराठी अमदानींतील कागदांत या प्रश्नाचें वेगळें रूप दिसतें. गोतसभेंत देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार बसत. महजरावर पाटलाचा नांगर आणि इतरांच्या आपापल्या निशाण्या उठत. साक्षीदाराला देवळांत किंवा नदीच्या पात्रांत उभें करीत, त्याच्या पूर्वजांची आणि सत्याची त्याला आठवण देत, आणि मग तो बोले. अशा साक्षीदाराला निराळ्या पाठीराख्याची गरज नव्हती. त्याचें गोत हाच त्याचा पाठीराखा होता. पण याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जें गोत पाठीशीं उभें राहतें तेंच गोत समोरहि उभें राहूं शकतें. पाटलाविरुद्ध बोलणाऱ्या कुळाला, किंवा वतनदाराविरुद्ध बोलणाऱ्या गांवकुसाबाहेरच्या मनुष्याला, त्या सभेंत कितपत अभय वाटत असेल, याचा विचार वाचकांनीं आपल्याशींच करावा. शिवाय उपलब्ध महजरांपैकीं बहुतेक वतनाच्या तंट्यांचे आहेत. त्यांवरून खून-दरोड्यांतील साक्षीदाराच्या स्थितीविषयीं सरसकट सिद्धांत बांधणें धाडसाचें होईल. भयानें परागंदा झालेल्या मनुष्यास परत बोलावण्यासाठीं सरकारांतून 'अभयपत्र' देण्याची चाल मात्र होती. अभय ही राजानें लेखी द्यावयाची वस्तु आहे, ही कल्पना आमच्या दप्तरांना अपरिचित नव्हती, एवढेंच यावरून म्हणतां येतें.

इंग्रजी अमलांत १८६१ सालीं फौजदारी कार्यविधीचा आणि १८७२ सालीं पुराव्याचा कायदा झाला, आणि चित्र पालटलें. गुन्हा हा सरकारविरुद्ध समजला जाऊं लागला. फिर्याद चालविणारा सरकारी वकील झाला. आणि ज्याच्यावर घाव पडला तो मनुष्य अनेक साक्षीदारांपैकीं एक साक्षीदार होऊन राहिला. या बदलांत लाभहि होता. गरिबाला स्वखर्चानें खटला चालविण्याचें कारण उरलें नाहीं, आणि सूडाची जागा कायद्यानें घेतली. १८७२ च्या कायद्यांत बीभत्स व अपमानकारक प्रश्न रोखण्याचा अधिकारहि न्यायाधीशास दिलेला होता. परंतु पीडिताचें स्वतःचें असें कोणीच राहिलें नाहीं. सरकारी वकिलाचें अशील सरकार. पीडित हा त्याचा पुरावा.

याचा परिणाम काय झाला, हें सर्वोच्च न्यायालयानेंच २००० सालीं पंजाबांतील एका खटल्याच्या निकालांत सांगितलें आहे. साक्षीदार दुरून स्वखर्चानें येतो, तारखांमागून तारखा पडतात, बसावयास जागा नाहीं, प्यावयास पाणी नाहीं, आणि अखेर तो कंटाळून नाद सोडतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. तें वाचतांना थकलेल्यास घालवून देणारा कौटिल्याचा धर्मस्थ कोणासहि आठवेल. पुढें गुजरातेंतील २००२ सालच्या एका हत्याकांडाच्या खटल्यांत साक्षीदार फिरले आणि आरोपी सुटले, तेव्हां २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो खटला महाराष्ट्रांत नव्यानें चालविण्याचा हुकूम केला. साक्षीदाराचें अभय हा न्यायाचाच एक घटक आहे, हें त्या हुकमानें ठळकपणें पुढें आलें.

सुधारणेचा क्रम असा आहे. १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बलात्कारपीडितेस पोलिसठाण्यापासूनच जाणत्या वकिलाचें साहाय्य मिळावें, असें सांगितलें. २००८ च्या दुरुस्तीनें, जी २००९ च्या अखेरीस अमलांत आली, 'पीडित' या शब्दाची व्याख्या झाली. सरकारी पक्षास साहाय्य करण्यासाठीं पीडिताला आपला वकील नेमण्याची परवानगी न्यायालयानें द्यावी, अशी तरतूद झाली. आणि पीडिताला अपिलाचा हक्क व नुकसानभरपाईची योजना मिळाली. ही भरपाई आम्हांस नवी वाटत नाहीं. चोरीस गेलेलें द्रव्य राजानें प्रजाजनास द्यावें, असें याज्ञवल्क्यानें सांगितलेलेंच आहे. २०१२ च्या बालकांविषयींच्या कायद्यानें बालकास आपल्या वकिलाचा हक्क दिला, साक्ष देतांना आरोपी त्याच्या दृष्टीस पडूं नये अशी व्यवस्था केली, आणि त्याखालील नियमांनीं खटला संपेपर्यंत सोबत राहणारी 'साहाय्यक व्यक्ति' नेमण्याची सोय केली. महाराष्ट्रानें २०१३ सालीं मनोधैर्य योजना सुरू केली आणि २०१७ सालीं साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें साक्षीदार-संरक्षणाची योजना देशभर लागू केली. तींत भयाचा अहवाल पोलिसांनीं द्यावयाचा आणि निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीनें करावयाचा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें अशी योजना आंखणें हें प्रत्येक राज्याचें कर्तव्य ठरविलें आहे, आणि तपास कोठवर आला हें पीडितास नव्वद दिवसांच्या आंत कळविण्याचें बंधन पोलिसांवर घातलें आहे.

या सगळ्यास एक मर्यादाहि आहे. पीडिताच्या वकिलानें सरकारी वकिलास साहाय्य करावें, त्याची जागा घेऊं नये. स्वतंत्रपणें उलटतपासणी करण्याचा हक्क त्यास नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं ठरविलें. कित्येकांस हा निर्णय आंखूड वाटतो. परंतु एकाच आरोपीमागें दोन फिर्यादी लागूं नयेत, हा विचारहि न्यायाचाच आहे. कारण आरोपी निर्दोष असण्याचा संभव न्यायसभेनें शेवटपर्यंत जागा ठेविला पाहिजे.

तात्पर्य, साक्षीदाराच्या पाठीराख्यानें करावयाचें काम कोणतें आणि टाळावयाचें कोणतें, याची कसोटी जुन्या ग्रंथांवरून लावतां येते. तारीख कळविणें, सोबत जाणें, बसावयास जागा पाहणें, कोण कोठें बसतो आणि कोण कोणत्या क्रमानें प्रश्न विचारील हें समजावून देणें, धमकी आल्यास संरक्षणाचा अर्ज करणें, अपमानकारक प्रश्नाकडे वकिलामार्फत न्यायाधीशाचें लक्ष वेधणें, निकालानंतर भरपाईची व अपिलाची वाट दाखविणें, हें सारें भयाचें व श्रमाचें निवारण होय, आणि तें जितकें अधिक तितकें चांगलें. पण काय पाहिलें, केव्हां पाहिलें, कोणास ओळखलें, या तीन गोष्टींच्या जवळ त्यानें जाऊं नये. तेथें एक शब्द सुचविला तरी तें मतिसाहाय्य होईल, आणि ज्याच्या बाजूनें तो उभा आहे त्याचाच घात होईल. कारण पढविलेली म्हणून एकदां संशयांत आलेली साक्ष खरी असली तरी टिकत नाहीं.

शास्त्रकारांनीं दुर्बळाची चिंता न्यायाधीशावर सोंपविली, गोतसभेनें ती गोतावर सोंपविली, इंग्रजी कायद्यानें ती सरकारी वकिलावर सोंपविल्यासारखें केलें. या तिघांपैकीं कोणालाहि तेवढें एकच काम नव्हतें, म्हणून तें मागें पडत गेलें. आजच्या कायद्यानें त्यासाठीं वेगळा मनुष्य उभा केला आहे. आतां प्रत्येक जिल्ह्यांत असा मनुष्य खरोखर नेमला जातो कीं नाहीं, त्याला पुरेसें वेतन व शिक्षण मिळतें कीं नाहीं, आणि साक्षीदाराला बसावयास बांक व प्यावयास पाणी मिळतें कीं नाहीं, इकडे जाणत्यांनीं लक्ष द्यावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.