नायसिन: तंबाखूच्या गोतातलं

यवतमाळात टपरीवर तंबाखूचा खर्रा घोटून घेणारा आणि शेजारच्या मेडिकलमध्ये कोलेस्टेरॉलसाठी 'नायसिन' मागणारा, दोघंही एकाच फ्रेंच माणसाचं नाव घेत असतात, म्हटलं तर कुणाला पटायचं नाही.

झां निको हा पोर्तुगालमधला फ्रान्सचा वकील. 1560च्या सुमारास त्याने तंबाखू फ्रेंच दरबारी धाडली आणि झाडाला त्याचं नाव चिकटलं, निकोटियाना. त्यावरून निकोटिन. पुढे प्रयोगशाळेत निकोटिनपासून एक आम्ल निघालं, ते निकोटिनिक ॲसिड. व्यसन लावण्याचा आईचा गुण लेकीत नाही. 1937 साली शास्त्रज्ञ कॉनराड एल्व्हेम यांनी दाखवलं, की हेच एक ब जीवनसत्त्व. अमेरिकेत ते पावाच्या पिठात घालायची वेळ आली, तेव्हा नावावरूनच लोकांना पावात तंबाखूचा वास येऊ लागला! मग 'निकोटिनिक', 'ॲसिड' आणि 'व्हिटॅमिन' यांचे तुकडे जोडून 'नायसिन' घडवलं गेलं. जाहिरातवाल्यांनी हेवा करावा असं बारसं.

आपल्याकडे याच्या कमतरतेचा रोग, पेलाग्रा, ज्वारीवरच भागवणाऱ्या दख्खनी गरिबांत आढळला, हैदराबादला पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्याचा पाठपुरावा केला.

नायसिनचं कोलेस्टेरॉलशी नातं 1955चं. रोजची गरज जेमतेम 14-16 मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉल उतरवायला मात्र ग्रॅमच्या हिशेबात लागतं. त्याने चेहरा लालबुंद होतो, यकृतालाही त्रास संभवतो. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधांच्या जोडीला दिलं, तरी 2011 आणि 2014च्या मोठ्या चाचण्यांत हृदयविकार काही कमी झाले नाहीत.