मधुमेह : रोग की सांगावा?

१/ शिरवळ म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला नीरेकाठचा सुभानमंगळ आठवतो. त्याच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. आजच्या धाग्याला हे दुसरे शिरवळ जवळचे. कारण मधुमेहाच्या इतिहासातील निर्णायक रुग्ण माणूस नव्हता, कुत्रा होता.

२/ हा रोग आपल्याकडे प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार येतात : जन्मजात प्रमेहाचा रोगी कृश, अपथ्यातून झालेल्याचा स्थूल. शरीर झिजते की सुटते, हे वैद्य पाहत असे. रोगाचे मूळ कोणत्या अवयवात, हे मात्र शतकानुशतके उलगडले नाही.

३/ १८३३ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी स्वादुपिंडाच्या विकारांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत मधुमेह आणि स्वादुपिंडाचा कर्करोग एकत्र आढळलेल्या रुग्णाची नोंद आहे. नोंद राहिली, संबंध सिद्ध झाला नाही.

४/ १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. तो वारंवार लघवी करू लागला; तपासली तर तीत साखर! अवयव सापडला. १९२१ मध्ये टोरंटोत इन्सुलिन हाती आले आणि असंख्य जीव वाचले. मधुमेह हा औषधाने सांभाळायचा आजार झाला. ‘तो आत्ताच का उद्भवला?’ हा प्रश्न मागे पडला.

५/ तो प्रश्न २००५ मध्ये डॉ. सुरेश चारी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर येथे पुन्हा विचारला. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या २,१२२ जणांपैकी १८ जणांना तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. म्हणजे शंभरात एकाहून कमी. तरीही सर्वसाधारण प्रमाणाच्या कित्येक पट.

६/ येथे १८८९ चा प्रयोग उलटा होतो. कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर साखर वाढली. या रुग्णांपैकी अनेकांत गाठीसह स्वादुपिंडाचा भाग काढल्यावर नव्याने वाढलेली साखर उतरली! तिथे साखर हे गाठीचे कारण नव्हते, तिचा परिणाम होती.

७/ १७ मार्च २०१९ रोजी मनोहर पर्रीकर गेले, तेव्हा या कर्करोगाचे नाव मराठी घरांत सर्वत्र उच्चारले गेले. जठरामागे दडलेली ही गाठ बहुधा कावीळ किंवा पाठदुखी सुरू झाल्यावरच कळते, आणि तोवर अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. म्हणून आधीचा सांगावा मोलाचा.

८/ तो ओळखावा कसा? नेहमीचा मधुमेह बहुधा वाढत्या वजनासोबत येतो. पन्नाशीनंतर साखर प्रथमच आणि झपाट्याने वाढली, पथ्य वा व्यायाम नसताना वजन मात्र घटत गेले, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. पुढील तपासणी हवी का, ते डॉक्टर ठरवतील. बहुतेकांत कर्करोग निघणार नाही. घाबरण्याचे कारण नाही.

९/ पण आपल्याकडे घराघरांत कुणाला तरी ‘शुगर’ असते, म्हणून नवी ‘शुगर’ कुणालाच चकित करीत नाही. उलट ‘बारीक झालात, छान!’ अशी दाद मिळते. सुश्रुताच्या वैद्याने तिथेच थांबून विचारले असते : हा देह का झिजतो आहे?