गिअरचा खटका आणि आपली तांबडी धूळ

सायकलचा गिअर बदलणारी दांडी कुठे बसवली, यावर तिची निगा कशी राखायची हे ठरत आले आहे. 'तूर द फ्रान्स' शर्यतीत गिअर बदलण्याची साखळीची यंत्रणा १९३७ साली सर्वांसाठी खुली झाली. पुढे कित्येक दशके या दांड्या चौकटीच्या तिरक्या नळीवर असत. त्यांत खटका नव्हता. दांडी घर्षणाने जागेवर राही आणि गिअर नीट बसला की नाही हे स्वार कानाने ओळखी. स्क्रू आवळला की दुरुस्ती संपली!

१९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने 'ड्युरा-एस' संचात खटक्याखटक्याने सरकणारी दांडी आणली आणि १९९० साली तीच यंत्रणा ब्रेकच्या मुठीत बसवली. सोय झाली, पण यंत्र नजरेआड गेले.

माझ्या पिढीने पेडणे-डिचोलीत पाहिली ती बहुतेक काळी, बिनगिअरची सायकल. चेनवर आणि हबवर चार थेंब तेल सोडले की झाले. यंत्राचे तेल नसले तर खोबरेलही चाले. पुढे रोड बाइक आल्या. २०१९ साली मिरामारला झालेल्या 'आयर्नमॅन ७०.३'मध्ये तर ९० किलोमीटर सायकल चालवायची होती. सायकल बदलली, तेलाची सवय मात्र बऱ्याच जणांची जुनीच राहिली.

या लिव्हरमध्ये खोबरेल नकोच. ते साधारण २४ अंशांखाली थिजते आणि डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे पारा त्याखाली उतरतो. मुळातले ग्रीसही वर्षांनी डिंकासारखे घट्ट होते. त्यात डिचोलीची तांबडी धूळ, मोरजी-हरमलचा खारा वारा आणि हाताचा घाम. मग आतला खटका दात्यावर परत पडत नाही आणि लिव्हर नुसती हलत राहते.

अशी लिव्हर मेलीच असे समजू नये. रबरी आवरण मागे सारून फटीतून ग्रीस विरघळवणारा फवारा मारावा, खटका पन्नासेक वेळा दाबावा, काळे पाणी पुसावे. स्वच्छ निघेपर्यंत हेच करावे. मग सुकू देऊन पातळ तेलाचे थेंब सोडावेत. ब्रेकपॅडवर काही उडू देऊ नये. तारेचे धागे सुटले असतील तर तारही बदलावी. ती आत तुटली तर काढताना जीव जातो.

पावसाळा संपल्यावर एवढा एक तास दिला, तर हजारो रुपयांची नवी लिव्हर घेणे बहुधा टळते. असो.