चळवळीचा जमाखर्च

महाडच्या १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. चवदार तळ्यातील ती ओंजळ आपल्या साऱ्यांच्या मनावर कोरली गेली आहे. परंतु त्या परिषदेच्या खर्चातली एक बाब मला नेहमी अस्वस्थ करते. परिषदेला जमलेल्या माणसांची तहान भागवण्यासाठी स्वागत मंडळाला सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. त्याच गावात सार्वजनिक तळे होते. ते सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरीही ज्यांच्या हक्काचे पाणी, त्यांनीच ते मोल देऊन प्यायचे! अस्पृश्यता ही केवळ अवहेलना नव्हती, ती एक वसुलीही होती, हे या एका आकड्यावरून कळते.

आपण चळवळीचा इतिहास भाषणांतून, ठरावांतून आणि मोर्चांतून वाचतो. पेटीतून वाचत नाही. पैसा हा विषयच आपल्याला हलका वाटतो. मी अनेक वर्षे आमच्या वस्तीतील एका लहान वाचनालयाचा खजिनदार होतो, म्हणून मला तो हलका वाटत नाही. संस्था कशामुळे उभी राहते आणि कशामुळे मोडते, हे खजिनदाराला वक्त्याच्या आधी कळते.

प्रश्न असा आहे : ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांनी संस्था कोणाच्या पैशावर चालवायची?

याचे पहिले उत्तर आश्रयदात्याचे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्यामागे राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले २५०० रुपये होते. ही मदत उपकाराची नव्हती. महाराजांनी पैसे दिले, पण लेखणीवर हात ठेवला नाही. असा दाता विरळा. तरीही त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. मोठी देणगी पत्र सुरू करू शकते. ते चालवायला रोज राबणारी माणसे आणि नियमित येणारी वर्गणी लागते.

दुसरे उत्तर त्यागाचे. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहिले. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांना पत्राच्या ऋणाविषयी अग्रलेख लिहावा लागला. या पत्राचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा प्रश्न त्याच्या मथळ्यातच होता. तो प्रश्न सरकारला नव्हता, सवर्णांनाही नव्हता. तो आपल्यालाच होता. नोव्हेंबर १९२९ मध्ये 'बहिष्कृत भारत'ही थांबले. एका माणसाचा त्याग, मग तो माणूस केवढाही मोठा असो, समाजाच्या वर्गणीची जागा घेऊ शकत नाही. आज आपण त्या अंकांचे पुनर्मुद्रण अभिमानाने कपाटात ठेवतो. ते निघत होते तेव्हा वर्गणी पुरली नाही, हेही त्या अभिमानाशेजारी लिहून ठेवले पाहिजे.

तिसरे उत्तर मुठीचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवली. ती पंक्ती चालावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि खेड्यापाड्यांतून मुष्टिफंड गोळा झाला. मूठभर धान्याची किंमत बाजारात ती किती? पण जी बाई आपल्या डब्यातली मूठ बाजूला काढते, ती त्या वसतिगृहाची मालकीण होते. उद्या तेथे काय चालले आहे, हे विचारण्याचा तिला अधिकार असतो. धनिकाची देणगी संस्थेला पैसा देते. मूठ संस्थेला माणसे देते.

बाबासाहेबांनी नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले, त्याचा अर्थ मी असाच लावतो. विसावा भाग म्हणजे शंभरात पाच. यात हमालाचे पाच आणि अधिकाऱ्याचे पाचशे एकाच मापाने मोजले जातात. आज आपल्यात पगारदार आहेत, प्राध्यापक आहेत, बंगले आहेत. विसावा भाग किती घरांतून निघतो? जयंतीच्या ध्वनिक्षेपकाला पैसे मिळतात, वाचनालयाच्या वीजबिलाला मिळत नाहीत, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

त्याच अनुभवातली एक चूकही सांगतो. एका वर्षी पेटी रिकामी होती, म्हणून आम्ही निवडणुकीतल्या एका उमेदवाराकडून रक्कम घेतली. पुस्तके आली. पण मग त्याच्या सभेसाठी वाचनालयाची खोली द्यावी लागली, आणि ज्या पोरांनी नको म्हटले, ती पुन्हा वाचनालयाकडे फिरकली नाहीत. त्या पैशाची पावती मी फाडली होती. खरी किंमत मात्र त्या पावतीवर नव्हती.

आता नवे दाते आले आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. पण त्यासाठी नोंदणी, करसवलतीची प्रमाणपत्रे, वर्षांचे ताळेबंद असा सरंजाम लागतो. वस्तीतल्या संस्थेजवळ तो नसतो, म्हणून पैसा पुन्हा मोठ्यांकडेच जातो. तो घेऊच नये, असे मी म्हणत नाही. सरकारी अनुदान तर आपल्याच कराचा पैसा आहे. तो भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागावा. मात्र एक कसोटी लावावी : उद्या हा दाता उठून गेला, तर आपले दार उघडे राहील काय?

राहायचे असेल, तर साधी कामे करावी लागतील. दरमहा दहा-वीस रुपये देणारी शंभर घरे जोडावीत. प्रत्येक पैशाची पावती द्यावी. वर्षातून एकदा साऱ्या वस्तीसमोर जमाखर्च मोठ्याने वाचावा. उरलेले रुपयेही सांगावेत, चुकलेलेही सांगावेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तके विकणारा कार्यकर्ता मला यासाठीच मोठा वाटतो. तो विचार आणि हिशेब एकाच पिशवीत घेऊन उभा असतो.

महाडला आपण ४० रुपये मोजले, कारण पाणी दुसऱ्यांच्या ताब्यात होते. आपल्या संस्थांच्या नाड्या आज कोणाच्या ताब्यात आहेत, हे प्रत्येकाने आपल्या संस्थेची वही उघडून पाहावे.