अंगचा उजेड आणि तोंडाचा कर्करोग

मलकापूर किंवा शेगावच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणारा, तोंडाला रुमाल लावलेला माणूस आम्हां बुलढाणेकरांस अनोळखी नाही. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हापासून ही वाट वऱ्हाडच्या परिचयाची आहे. दुःख एवढेच की, ती फार उशिरा धरली जाते.

रोगाचे मूळ काही गूढ नाही. त्याच रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली ओठाआड तंबाखू-चुना धरण्याच्या सवयीचा आणि तेथेच उद्भवणाऱ्या कर्करोगाचा संबंध मांडला. आमच्याकडे त्यालाच ‘बार भरणे’ म्हणतात! पण आरंभीचा डाग दुखत नाही. म्हणून तो दिसत असूनही पाहिला जात नाही.

तो पाहावा कसा? या प्रश्नाचे एक उत्तर प्रकाशाच्या इतिहासात आहे. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा परत देतात. या गुणाला स्टोक्सने १८५२ साली नाव दिले. आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणतो. १९११ साली श्ट्यूबेल या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या ऊतींतही तो पाहिला. १९२४ साली फ्रान्समध्ये पोलिकार यांना गाठींत तांबडी झळाळी आढळली. पुढे १९८४ साली अमेरिकेत अल्फानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरच्या साहाय्याने निरोगी व रोगट ऊतींच्या प्रकाशातील भेद दाखविला. आपल्याजवळच्या इंदूर येथे, प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, नायट्रोजन लेसर वापरून तोंडाच्या कर्करोगावर असेच प्रयोग झाले.

यातील मर्म साधे आहे. निळ्या प्रकाशात तोंडाचे निरोगी अस्तर फिकट हिरवे उजळते. हा उजेड मुख्यतः त्याखालील कोलॅजेन तंतूंचा व पेशींतील काही द्रव्यांचा. रोग शिरला की तंतू मोडतात, अस्तर जाड होते, रक्त वाढून प्रकाश शोषते, आणि तेथे काळा डाग दिसतो.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. साध्या सुजेनेही तसाच डाग पडतो. दिवा संशय दाखवितो, निर्णय देत नाही. निर्णय ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच: दिवा येईल तेव्हा येवो, तोवर आरसा घरोघरी आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, आखडत जाणारे तोंड, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांस दाखवावे. मग मुंबईची गाडी धरावी लागली तरी ती वेळेवर धरली जाईल.