पावागडाचे पाषाण आणि त्यांचा काळ

बडोद्याच्या वायव्येस असलेले कोयली हे गाव 1965 मध्ये सुरू झालेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे सर्वांना परिचित झाले. त्या कारखान्यासाठी अंकलेश्वरहून येणारे तेल गाळाच्या थरांतले. आणि त्या थरांच्याही खाली दख्खनच्या लाव्ह्याचा पाषाण दडलेला आहे. बडोद्याच्या ईशान्येस, सुमारे 45 किलोमीटरांवर, तोच लाव्हा पावागडाच्या रूपाने मैदानातून मस्तक वर काढून उभा आहे.

शिंद्यांच्या अमलाखाली दीर्घकाळ राहिलेल्या या गडाचा पायथा काळ्या बेसाल्टचा असून कालिकामातेच्या मंदिराचा माथा रायोलाइटचा आहे. ‘वाहणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव 1860 मध्ये रिख्तहोफेन या जर्मन भूशास्त्रज्ञाने दिले. खडकातील प्रवाहरेषांना ते शोभत असले, तरी सिलिकेचे प्रमाण शेकडा 70 च्या आसपास असल्याने हा लाव्हा अतिशय घट्ट असतो. तो दूर न जाता उगमाजवळच थिजतो.

1906 साली फर्मर यांनी गडावरील लाव्हाथरांचे वर्णन प्रसिद्ध केले. खालचा थर थोरला, वरचा धाकटा, एवढा क्रम त्यावरून निश्चित होतो. वर्षे मात्र कळत नाहीत. ती पुढे किरणोत्सारी पोटॅशियमने सांगितली. तप्त लाव्ह्यातून आरगॉन वायू निसटून जातो. खडक थिजल्यावर पोटॅशियमपासून होणारा नवा आरगॉन स्फटिकांत साठू लागतो. 125 कोटी वर्षांत किरणोत्सारी पोटॅशियम निम्मे उरते, हे ठाऊक असल्याने साठलेल्या वायूवरून वय काढता येते.

या मापनाने पावागड दख्खनच्या मुख्य उद्रेकाच्या काळात, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, बसतो. डायनोसॉरांचा अंतही त्याच सुमाराचा. मुंबईनजीकचे काही रायोलाइट मात्र त्याहून बरेच धाकटे ठरले आहेत. नाव एक, पण अंतर लाखो वर्षांचे! अक्षरांचे वळण सारखे म्हणून दोन ताम्रपट एकाच राजाचे ठरत नाहीत; खडकांचेही तसेच आहे. म्हणूनच अमेरिकेतील यलोस्टोनच्या विशाल ज्वालामुखी-कुंडात प्रत्येक रायोलाइट-प्रवाहाला स्थळावरून वेगळे नाव देऊन त्याचे वय स्वतंत्रपणे मोजण्याची रीत पडली. तेथील सर्वांत धाकटा प्रवाह केवळ 70 हजार वर्षांचा आहे.

गडावरील तटबंदीचा इतिहास शतकांत मोजावा लागतो. तिच्या पायाखालच्या दगडाचा कोटी वर्षांत. दोन्हींना पुराव्याची कसोटी मात्र एकच.